अर्ध्या तिकिटाची गाडी येते कोठे?

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या वृद्धांचा प्रवास विनामूल्य झाला होता. पासष्ट ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे, विद्यार्थ्यांना एक-तृतीयांश भाड्याचा पास, खेड्यातील शाळकरी मुलींना मोफत पास, अपंगांना, दुर्धर आजाराच्या रुग्णांना निरनिराळ्या सवलती, अशी यादी करू लागले तर ती तीसच्या घरात जाते. यांपैकी एकाही सवलतीला विरोध करण्याचे कारण आपल्याला नाही. उलट, घरातील पैशाची पिशवी ज्यांच्या हाती नसते अशा माणसांना घराबाहेर पडता यावे, हे समाजवादी धोरणच आहे, मग ते कोणत्याही पक्षाच्या सरकारने आणलेले असो.

पण एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. सवलत तिकिटावर आहे, तिकीट गाडीत मिळते, आणि ती गाडी गावात येणेच बंद झाले असेल तर सवलतीचे काय करायचे? शून्याचे निम्मे शून्यच.

कोविडच्या साथीपूर्वी महामंडळाच्या ताफ्यात अठरा हजारांहून अधिक गाड्या होत्या. पुढच्या काही वर्षांत तो आकडा पंधरा हजारांच्या आसपास आला. जुन्या गाड्या मोडीत निघत राहिल्या आणि नव्यांची खरेदी रखडली. ताफा असा घटला म्हणजे सर्व मार्गांवरील फेऱ्या सारख्या प्रमाणात कमी होतात असे कोणी समजू नये. आगार व्यवस्थापकापुढे सकाळी चाळीस कामगिऱ्या असतात आणि रस्त्यावर काढण्याजोग्या गाड्या चौतीस असतात. तो पुण्या-मुंबईची गाडी रद्द करत नाही. तेथे आरक्षण झालेले असते, ओरड लगेच होते, वर्तमानपत्रात बातमी येते. तो रद्द करतो ती डोंगरापलीकडच्या वाडीची फेरी, दुपारची बाजारगाडी, रात्रीची मुक्कामी. या फेरीचा प्रवासी अर्धा तास फाट्यावर उभा राहतो आणि मग मुकाट्याने चालू लागतो. त्याची तक्रार कोठेही नोंदली जात नाही. काही महिने अशी फेरी ‘आज रद्द’ होत राहते आणि मग एके दिवशी वेळापत्रकाच्या फळ्यावरूनही पुसली जाते.

यावर महामंडळाचे ठरलेले उत्तर असते: भारमान नाही, फेरी तोट्यात आहे. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला या ‘तोटा’ शब्दाकडे जरा बारकाईने पाहण्याची सवय असते. म्हणून वाचकांनी थोडी आकडेमोड सहन करावी. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, पण त्यांचा मेळ प्रत्यक्षापासून फार दूर नाही.

समजा, तालुक्यापासून अठरा किलोमीटरवर असलेल्या गावी मुक्कामी गाडी जाते आणि सकाळी परत येते. एकूण अंतर छत्तीस किलोमीटर. महामंडळ आपला सगळा खर्च, म्हणजे डिझेल, पगार, कार्यशाळा, मध्यवर्ती कार्यालय, कर्जावरील व्याज, हे सारे एकूण किलोमीटरांनी भागते आणि किलोमीटरमागे साठ रुपये खर्च आला असे धरते. त्या हिशेबाने या गाडीचा खर्च २,१६० रुपये झाला. तिकिटांचे उत्पन्न समजा ६०० रुपये. म्हणजे १,५६० रुपये तोटा. फेरी बंद करा. आता ती बंद केल्याने प्रत्यक्षात काय वाचते ते पाहू. गाडी लिटरला साधारण साडेचार किलोमीटर चालते, तेव्हा डिझेलचे सुमारे सव्वासातशे रुपये वाचतील. टायरांची झीज आणि चालक-वाहकांचा रात्रवस्तीचा भत्ता धरून नऊशे म्हणू. चालक-वाहकांचा पगार वाचत नाही, कार्यशाळेचा खर्च वाचत नाही, मध्यवर्ती कार्यालय तर कधीच वाचत नाही. आणि मुक्कामी गाडीला रात्री दुसरे काम नसते; ती गावात उभी न राहता आगारात उभी राहते एवढेच. उलट बाजूला, सकाळच्या त्या गाडीने तालुक्याला आलेल्यांपैकी पंधरा माणसे पुढे जिल्ह्याच्या गाडीत बसतात आणि चाळीस-चाळीस रुपयांचे तिकीट काढतात. ते ६०० रुपये मुख्य मार्गाच्या खात्यावर जमा होतात, गावच्या फेरीच्या नव्हे. फेरी बंद झाली की हे पंधराजण जीपने किंवा मोटारसायकलने थेट जिल्ह्यालाच जातात. वाचले नऊशे, बुडाले बाराशे. तोट्यातली फेरी बंद करून महामंडळाने आपला तोटा तीनशे रुपयांनी वाढवला.

शिवाय पास काढणाऱ्या विद्यार्थ्याचे पैसे फेरीच्या रोजच्या रोकडीत दिसत नाहीत. फेरी ओस वाटते ती वाहकाच्या पिशवीकडे पाहिले तर. बाकांकडे पाहिले तर नव्हे.

प्रत्येक फेरीचा हिशेब असाच निघेल असा माझा दावा नाही. काही फेऱ्या खरोखरच डिझेलचाही खर्च भरून काढत नाहीत, आणि दिवसाच्या फेरीसाठी लागणारी गाडी दुसरीकडे अधिक उत्पन्न आणू शकते, हेही खरे. तथापि नद्यांचे पाणी मोजताना ओढे आटवून टाकण्यासारखा हा कारभार आहे, एवढे तरी मान्य व्हावे.

या कारभाराचे मूळ कायद्यातही आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे या मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) तोपर्यंत खासगी मालकांच्या सर्व्हिस मोटारी चालत; त्या भरल्याशिवाय सुटत नसत आणि पावसाळ्यात मालकाची मर्जी लागली तर येत. १९५० साली मार्ग परिवहन महामंडळ कायदा झाला. त्याच्या अठराव्या कलमाने महामंडळावर कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र वाहतूक सेवा पुरवण्याचे कर्तव्य टाकले, आणि बाविसाव्या कलमाने सांगितले की हा कारभार व्यापारी तत्त्वांवर चालावा. ‘पुरेशी’ आणि ‘व्यापारी’ या दोन शब्दांत विरोध आला तर पैसा कोणी द्यायचा, हे मात्र स्पष्ट झाले नाही. पुढे अनेक वर्षे मुख्य मार्गांवरील नफ्यातून आडमार्गांचा तोटा भरून काढण्याची वाट महामंडळाने धरली. त्या काळी मुख्य मार्गांवर एसटीची मक्तेदारी होती, म्हणून ते साधले. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे बोधवाक्य त्या जोरावर खरे ठरत होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर परवाने सैल झाले, आरामगाड्या आल्या, आणि नफ्याचे मार्ग इतरांनी वाटून घेतले. आडमार्ग एसटीकडेच राहिले. ज्या विहिरीतून पाणी द्यायचे ती दुसऱ्याला देऊन टाकायची आणि मळा का सुकला म्हणून माळ्याला दोष द्यायचा, असा हा प्रकार झाला. संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचे २०२५ साली सरकारनेच श्वेतपत्रिकेत मांडले. त्यातला गावांच्या सेवेपोटी झालेला किती आणि गैरव्यवस्थेपोटी झालेला किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्या आकड्यावर चर्चा करणे व्यर्थ आहे.

एसटी नसली तर वडाप आहेच, असे काही शहाणे लोक म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, मराठवाड्यात नि विदर्भात काळी-पिवळी. ती चालवणारा तरुण आपला शत्रू नव्हे. शेतीत भागत नाही आणि नोकरी मिळत नाही म्हणून कर्ज काढून त्याने जीप घेतलेली असते. पण त्याच्या जीपला वेळापत्रक नाही, पास नाही, सवलत नाही, आणि नऊजणांच्या जागेत सोळा बसल्याशिवाय ती हलत नाही. म्हणजे १९४८ च्या आधीची सर्व्हिस मोटार परत आली. ज्याला निकड अधिक आणि पैसा कमी, त्याला ती सर्वांत शेवटी घेते.

दुसरे उत्तर मोटारसायकलचे. हप्त्याने घेतलेली मोटारसायकल आज बहुतेक वाड्यांवर दिसते आणि ती समृद्धीची खूण म्हणून मोजली जाते. मला ती पुष्कळदा बंद पडलेल्या फेरीचे बिल वाटते, कुटुंबाने स्वतःच्या खिशातून भरलेले. आणि ती चालवतो पुरुष. म्हातारी आई दवाखान्यात केव्हा जाणार, सून माहेरी केव्हा जाणार, मुलगी महाविद्यालयात जाणार की नाही, हे मोटारसायकल कोणाच्या हाती आहे त्यावर ठरू लागते. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे शिकवले. तेथे शेवटच्या तासाची हजेरी पाहून कोणत्या गावची गाडी चालू आहे हे सांगता येत असे. एका गावची संध्याकाळची फेरी बंद झाली. त्या गावचे मुलगे पुढल्या वर्षीही आले, तिघे एका मोटारसायकलवर बसून. मुली आल्या नाहीत. त्यांच्यापैकी दोघींची लग्ने त्याच उन्हाळ्यात झाल्याचे मागाहून कळले. आगाराच्या नोंदवहीत याची नोंद ‘भारमानाअभावी फेरी बंद’ एवढीच असणार.

येथे संपाचाही विषय काढला पाहिजे, जरी आपल्या काही मित्रांना तो अवघड वाटला तरी. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो मिटला. कामगारांची पगाराची दैना खरी होती. कित्येकांनी आत्महत्या केल्या, हे विसरता येणार नाही. शासनात विलीनीकरण ही त्यांची मुख्य मागणी होती. परंतु त्या साडेपाच महिन्यांच्या वादात सरकार होते, संघटना होत्या, वकील होते, न्यायालय होते. प्रवासी कोठे होता? विलीनीकरण झाले असते तर पगाराची हमी मिळाली असती. गावच्या फेरीची हमी त्यात कोठेच नव्हती. साथीमुळे बंद असलेल्या शाळा नुकत्या उघडत असताना खेड्यांतील मुले घरी बसली, आणि संप मिटल्यावरही अनेक फेऱ्या परतल्या नाहीत. कामगार आणि प्रवासी यांची मागणी एकत्र बांधण्याचे काम डाव्या-समाजवादी चळवळीचे होते. ते झाले नाही.

एसटी मोडीतच काढली तर काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. मध्य प्रदेश सरकारने आपले मार्ग परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ साली घेतला. पुढे दोन दशके तेथील खेडी खासगी मालकांच्या भरवशावर राहिली, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाला सरकारी देखरेखीखाली नवी बससेवा उभारण्याची योजना मंजूर करावी लागली. मोडणे सोपे, पण आगारे, कार्यशाळा, प्रशिक्षित माणसे पुन्हा उभी करायला पिढी जाते. याउलट गोव्यात १९७८-७९ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी मोठे आंदोलन केले. बस खासगी मालकांच्या हाती, मग सवलत देणार कोण, हा प्रश्न त्यातून उघडा पडला, आणि १९८० साली सार्वजनिक मालकीचे कदंब परिवहन महामंडळ जन्माला आले. सवलतीची मागणी करता करता ते विद्यार्थी गाडीच्या मालकीपर्यंत पोचले. आपण मात्र सवलत मिळाली की थांबतो.

आता मुख्य मुद्दा. सरकार आज एसटीला जो मोठा पैसा देते तो बहुतांशी सवलतींच्या भरपाईपोटी देते. म्हणजे जेवढे सवलतीचे प्रवासी, तेवढा पैसा. याचा परिणाम असा की सरकारी पैसा भरलेल्या गाड्यांच्या मागे जातो. जेथे गाड्या अधिक, रस्ता चांगला, प्रवासी पुष्कळ, तेथे सवलत अधिक वापरली जाते आणि भरपाईही तेथलीच अधिक मिळते. ज्या गावात फेरी नाही तेथील स्त्रीच्या नावावर सरकार एक पैसाही खर्च करत नाही. सर्वांत गरजू माणूस योजनेच्या हिशेबातून सर्वांत आधी बाहेर पडतो. म्हणून मागणी अशी हवी: तिकिटावरील सवलत राहू द्या, पण त्याबरोबर गावच्या फेरीचे किलोमीटर सरकारने विकत घ्यावेत. प्रत्येक ग्रामपंचायतीला सकाळी शाळा-महाविद्यालयाच्या वेळी एक, दुपारी दवाखाना-बाजारासाठी एक आणि संध्याकाळी परतीची एक, अशा किमान तीन फेऱ्या मिळाल्याच पाहिजेत, आणि त्यांच्या उत्पन्न-खर्चातील फरक अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवून महामंडळाला दरमहा मिळाला पाहिजे. फेरी धावली तर पैसा, रद्द झाली तर नाही. म्हणजे ती रद्द करण्यात आगाराचा फायदा उरणार नाही.

हे काही स्वप्नरंजन नव्हे. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी निळ्या गाड्या सुरू झाल्या. आधी तालुक्याला पाच, पुढे सात. गाडी मुलींच्या वेळेला धावावी यासाठी सरकारने पैसा दिला, भारमान पाहिले नाही. तत्त्व तेथे मान्य झालेच आहे. गंमत अशी की खासगी मालकांच्या बाबतीत ते त्याहून मोकळेपणाने मान्य झाले आहे. शिवशाहीच्या भाड्याच्या गाड्या असोत की विजेवर चालणाऱ्या ५,१५० गाड्या भाड्याने घेण्याचा २०२३ चा करार असो, मालकाला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. आत प्रवासी किती बसले याची चिंता त्याने करायची नसते. जी हमी कंत्राटदाराला मिळते ती वाडीला का मिळू नये?

केरळने जुलै २०२२ मध्ये ‘ग्रामवंडी’ नावाची योजना सुरू केली. गाडी आणि माणसे परिवहन महामंडळाची, डिझेलचा खर्च पंचायतीचा, आणि मार्ग-वेळ ठरवण्यात पंचायतीचा शब्द. लोहियांच्या चौखंभा राज्याची आठवण व्हावी अशी ही कल्पना आहे. परंतु ती जशीच्या तशी आणू नये. केरळच्या पंचायतींना अधिकार आणि पैसा पुष्कळ आहे. आपल्या बहुसंख्य ग्रामपंचायतींना दिव्यांचे वीजबिल भरताना घाम फुटतो. डिझेल त्यांच्या गळ्यात घातले तर साखर कारखान्याच्या पट्ट्यातील गावांना गाडी मिळेल आणि मेळघाटातील, अक्कलकुव्यातील गावे पुन्हा रस्त्यावरच. पैसा राज्याचा आणि वेळापत्रकावर अधिकार ग्रामसभेचा, अशीच वाटणी आपल्याकडे न्याय्य ठरेल.

पैसा कोठून आणायचा, हे विचारले जाईलच. एसटीच्या तिकिटावर राज्य सरकार १७.५ टक्के प्रवासी कर घेत आले आहे. स्वतःच्या मोटारीतून जाणारा गृहस्थ रस्ताकर एकदा भरून मोकळा होतो. एसटीने जाणारी शेतमजूर स्त्री प्रत्येक फेरीला कर भरते, निम्म्या तिकिटातही. शिवाय लाल गाडी टोल भरते आणि डिझेलवरचे कर भरते. हा प्रवासी कर गावच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवला तर सुरुवात करण्यास दुसरीकडे हात पसरावा लागणार नाही. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढवले गेले तेव्हा त्या वाढीतून गावच्या किती फेऱ्या पूर्ववत होणार हे सांगण्याचे बंधन कोणावरच नव्हते. पुढच्या भाडेवाढीला ती अट घातली पाहिजे.

नव्या गाड्यांचेही तसेच. २०२५ पासून नव्या लाल गाड्या येऊ लागल्या, ही आनंदाची गोष्ट. पण आपल्याकडची रीत अशी की नवी गाडी लांब पल्ल्याला जाते आणि तिची हाडे खिळखिळी झाली की घाटाच्या वाटेने खेड्यात येते. १९७७ ते १९७९ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री होते, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली. रेल्वेकडे तेव्हा पैसा उतू जात होता असे नाही. जो आहे तो प्रथम कोणावर खर्च करायचा हे त्यांनी ठरवले होते.

कार्यकर्त्यांनी काय करावे? मोर्चा जरूर काढावा, पण त्याआधी एक कंटाळवाणे काम करावे. प्रत्येक आगारात रद्द झालेल्या किलोमीटरांची रोजची नोंद असते. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांचे तिकीट लावून आपल्या तालुक्याच्या आगाराकडून गेल्या बारा महिन्यांच्या रद्द फेऱ्यांची गाववार, कारणवार यादी मागावी; कोविडपूर्वीचे वेळापत्रकही मागावे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणती गावे गळाली ते दिसेल. ती यादी घेऊन त्या गावांच्या शाळेत मुख्याध्यापकांना, आरोग्य उपकेंद्रात परिचारिकेला भेटावे, आणि चालक-वाहकांनाही, कारण कोणती फेरी का मरते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. मग ग्रामसभेत फेरीच्या वेळेसह ठराव करून घ्यावा. नुसता ‘बस सुरू करावी’ असा ठराव फायलीत पडून राहतो, ‘सकाळी सात दहाची सात वाजता करावी’ या ठरावाला उत्तर द्यावे लागते. शाळा जूनमध्ये उघडतात आणि आगाराच्या कामगिऱ्यांची फेरमांडणी त्याआधी होते. तेव्हा हे काम होळीच्या सुमारास हाती घेतले तरच मे महिन्यात विभाग नियंत्रकांपुढे यादी ठेवता येईल.